ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्रातील मुंबई उपनगर व ठाणे जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे संरक्षित खाडीक्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते घोषित केले. मालवण सागरी अभयारण्यानंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. त्याचे क्षेत्रफळ १,६९०.५ हेक्टर असून त्यापैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि सुमारे ७९४ हेक्टर लगतचे जलक्षेत्र आहे. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीच्या पाणथळ पट्ट्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

हिवाळ्यात येथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या, म्हणजेच फ्लेमिंगोंच्या थव्यांमुळे हे अभयारण्य प्रसिद्ध आहे. मराठीत या पक्ष्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. अभयारण्याच्या अधिकृत नावात मात्र इंग्रजी शब्दच रूढ झाला. भोवती दाट लोकवस्ती, रासायनिक कारखाने, कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे असताना एक लाखाहून अधिक पक्षी दरवर्षी याच खाडीत का येतात, हा या अभयारण्याच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग अभयारण्याच्या सीमेबाहेर सापडतो.

स्थान आणि सीमा

ठाणे खाडी ही साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळी करणारी सुमारे २६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. तिचे दक्षिणेकडील रुंद मुख मुंबई बंदराच्या जलक्षेत्रात उघडते. उत्तरेकडे ती निमुळती होत जाऊन ठाणे शहराजवळ एका अरुंद प्रवाहाद्वारे उल्हास नदीच्या खाडीशी जोडली जाते. अभयारण्य खाडीच्या मधल्या भागात, उत्तरेस ऐरोली पूल आणि दक्षिणेस वाशी पूल यांच्या दरम्यान, मुख्यतः पश्चिम किनाऱ्याने पसरले आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर आणि मानखुर्द ही पूर्व उपनगरे त्याच्या पश्चिमेस येतात. समोरच्या तीरावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे व वाशी हे नवी मुंबईचे भाग आहेत.

पूर्व द्रुतगती महामार्गावरून रोज प्रवास करणाऱ्या बहुसंख्य लोकांना हे अभयारण्य दिसत नाही. महामार्ग आणि पाणी यांच्यामध्ये मिठागरे, कांदळवनाची दाट भिंत आणि काही ठिकाणी कचऱ्याचे डोंगर आहेत. मुलुंड व भांडुपची स्थिती तर विशेष आहे. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पूर्वेस हे अभयारण्य, अशा दोन संरक्षित क्षेत्रांच्या मधल्या काही किलोमीटर रुंद पट्टीत ही उपनगरे वसली आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी ओढ्यांनी, आणि आता नाल्यांनी, या वस्तीतूनच खाडीला मिळते. त्या पाण्याबरोबर वाटेतले सर्व काही खाडीत येते.

अभयारण्याभोवतीचे पर्यावरणीय संवेदनक्षेत्र केंद्र शासनाने २०२१ मध्ये अधिसूचित केले. त्याचे क्षेत्रफळ ४८.३२ चौरस किलोमीटर असून अभयारण्याच्या सीमेपासूनची त्याची रुंदी काही ठिकाणी शून्य, तर काही ठिकाणी ३.८९ किलोमीटरपर्यंत आहे. जेथे ती शून्य आहे तेथे अभयारण्याची सीमा संपताच शहर सुरू होते.

खाडीचे स्वरूप

ठाणे खाडी उथळ आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या काळात, भरती-ओहोटीतील पाण्याच्या पातळीचा फरक पाच मीटरच्या जवळपास जातो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. उथळ तळ आणि मोठा भरतीफरक यांमुळे ओहोटीला खाडीच्या दोन्ही कडांना विस्तीर्ण चिखलपट्ट्या उघड्या पडतात. डोंगरउतारावरून आलेला गाळ, नाल्यांतील सेंद्रिय द्रव्य आणि समुद्राच्या पाण्याबरोबर आलेले बारीक कण येथे स्थिरावतात.

वरवर ओसाड दिसणारा हा चिखल खाडीतील सर्वांत उत्पादक भाग आहे. त्याच्या पृष्ठभागावरील काही मिलिमीटर जाडीच्या थरात डायटम, सायनोबॅक्टेरिया आणि इतर सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशात वाढतात. त्याखाली वलयी कृमी, लहान शिंपले, गोगलगायी आणि खेकडे राहतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आल्यावर खारटपणा एकदम घटतो आणि यांतील अनेक जीव कमी होतात. पावसाळा सरल्यावर खारटपणा पुन्हा वाढतो, ऊन स्थिर होते आणि चिखलावर शैवालाचा थर भरू लागतो. रोहित पक्ष्यांचे आगमन याच सुमारास सुरू होते.

खाडी गाळाने भरत चालली आहे, हे निरीक्षण ठाण्यातील बांदोडकर महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी आणि इतर संशोधकांनी गेल्या काही दशकांत वारंवार नोंदवले आहे. पुलांचे खांब, किनाऱ्यावरील भराव आणि उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाहाचा कमी झालेला जोर यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो व गाळ बसतो. मासेमारीच्या होड्यांना पूर्वी जी वाट मिळत असे ती आता ओहोटीला मिळत नाही.

कांदळवन

अभयारण्याच्या भूभागात तिवर या झाडाचे प्राबल्य आहे. प्रदूषण व खारटपणातील चढउतार सहन करण्याची त्याची क्षमता इतर कांदळ प्रजातींपेक्षा अधिक असल्यामुळे शहरी खाड्यांमध्ये तिवराचीच दाटी आढळते. त्याची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे चिखलातून हजारोंच्या संख्येने वर आलेली दिसतात. प्राणवायू नसलेल्या चिखलात रुजलेल्या मुळांना त्यांच्याद्वारे हवा मिळते. तिवराखेरीज चिप्पी, कांदळ, काजळा आणि काटेरी पानांची मारांडी याही वनस्पती येथे आहेत. चिप्पीची एक जात, पांढरी चिप्पी, हिला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

कांदळवन भरतीच्या लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची माती धरून ठेवते आणि कोळंबी, बोय, जिताडा यांसारख्या माशांच्या पिलांना आसरा देते. त्याच्या मुळांशी निवट्या चिखलावर सरकताना दिसतात आणि चिंबोऱ्यांची बिळे असतात. वनातील सस्तन प्राण्यांपैकी सोनेरी कोल्हा उल्लेखनीय आहे. विक्रोळी व भांडुपच्या वस्त्यांलगत त्याचा वावर असतो, आणि रात्री ऐकू येणाऱ्या कोल्हेकुईमुळेच अनेक रहिवाशांना शेजारी जंगल असल्याची जाणीव होते.

कांदळवन वाढले म्हणजे परिसंस्था सुधारली, असा सर्वसाधारण समज आहे. ठाणे खाडीत तो पूर्णतः लागू पडत नाही. गाळ साचून चिखलपट्टी उंच झाली की तिच्यावर तिवराची रोपे रुजतात आणि काही वर्षांत तेथे दाट झाडी होते. मोकळ्या चिखलावर चरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या दृष्टीने ती जागा गेलेली असते. रोहित, उचाट्या, पाणटिवळे व तुतार हे पक्षी दाट झाडीत चरत नाहीत. त्यामुळे उघड्या चिखलपट्टीवर कांदळांची लागवड करणे हा येथे संवर्धनाचा उपाय ठरत नाही. तोडलेल्या किंवा भराव घातलेल्या जागी कांदळवन पुन्हा उभे करणे आणि मोकळा चिखल मोकळा ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

विक्रोळीतील कांदळवनाचा मोठा पट्टा गोदरेज समूहाच्या मालकीच्या जमिनीवर असून तेथे १९८५ मध्ये सुनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिस्थितिकी केंद्र सुरू झाले. मुंबईत कांदळवनाला कायद्याचे संरक्षण मिळण्याच्या पुष्कळ आधी खाजगी पातळीवर झालेल्या संवर्धनाचे हे उदाहरण आहे.

रोहित पक्षी

ठाणे खाडीत रोहित पक्ष्याच्या दोन जाती येतात. छोटा रोहित हा संख्येने कितीतरी अधिक असतो. त्याची उंची ८० ते ९० सेंटिमीटर, रंग गडद गुलाबी आणि चोच काळपट लाल असते. मोठा रोहित जवळपास दीडपट उंच, रंगाने फिकट आणि काळ्या टोकाच्या गुलाबी चोचीचा असतो. करड्या-तपकिरी रंगाचे अल्पवयीन पक्षीही थव्यांत मोठ्या संख्येने दिसतात. नवखे निरीक्षक त्यांना कधी कधी वेगळी जात समजतात.

दोन्ही जाती चोच उलटी करून पाणी गाळतात, परंतु त्यांची गाळणी सारखी नाही. छोट्या रोहिताच्या चोचीच्या आतील पापुद्रे अतिशय बारीक असून त्यांत डायटम व सायनोबॅक्टेरियासारखे सूक्ष्म जीव अडकतात. मोठ्या रोहिताची गाळणी जाड असल्याने तो कवचधारी जीव, कृमी व कीटकांच्या अळ्या खातो. त्यामुळे एकाच चिखलपट्टीवर शेजारीशेजारी उभे राहूनही दोन्ही जातींना अन्नासाठी फारशी स्पर्धा करावी लागत नाही. पिसांचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो.

हे पक्षी येथे प्रजनन करीत नाहीत. भारतातील त्यांच्या वसाहती प्रामुख्याने गुजरातमधील कच्छच्या मोठ्या व छोट्या रणात आहेत. साधारणतः नोव्हेंबरपासून ते मुंबई परिसरात येऊ लागतात आणि मे अखेरीपर्यंत, पावसाळ्याच्या तोंडावर, परततात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये ठाणे खाडीतील काही पक्ष्यांना उपग्रह-संदेशक बसवले. त्यांच्या प्रवासनोंदींतून मुंबई आणि गुजरातचा किनारा यांतील संबंध प्रत्यक्ष नकाशावर दिसू लागला. छोट्या रोहिताची जगातील बहुसंख्या पूर्व आफ्रिकेतील सरोवरांवर अवलंबून आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटसमीप अशी आहे. या पार्श्वभूमीवर आशियातील मोजक्या मोठ्या थव्यांपैकी एक ठाणे खाडीत असणे महत्त्वाचे ठरते.

मुंबईत रोहित पक्षी पूर्वापार येतात, असे नाही. त्यांचे मोठे थवे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून शिवडी व माहुलच्या चिखलपट्ट्यांवर दिसू लागले आणि पुढे ते खाडीत वरच्या दिशेने भांडुप-ऐरोलीपर्यंत पसरले. म्हणजे पूर्व उपनगरांतील आज चाळिशीपुढच्या रहिवाशांच्या लहानपणी हा पक्षी येथे जवळजवळ अपरिचित होता.

इतर जीवसृष्टी

रामसर नोंदीच्या वेळी या क्षेत्रातील पक्ष्यांच्या २०२, माशांच्या १८, फुलपाखरांच्या ५९ आणि इतर कीटकांच्या ६७ प्रजातींचा उल्लेख करण्यात आला. त्याखेरीज वनस्पतिप्लवकांच्या ३५, प्राणिप्लवकांच्या २४ आणि तळाशी राहणाऱ्या जीवांच्या २३ प्रजाती नमूद आहेत. ही खाडी मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येते. उत्तरेकडील प्रदेशांत वीण करणारे पाणटिवळे, तुतार, कुरव व सुरय हिवाळ्यात येथे असतात. वर्षभर दिसणाऱ्या पक्ष्यांत समुद्री बगळा, खंड्या आणि शेकाट्या प्रमुख आहेत.

भरतीच्या वेळचे आसरे

ओहोटीला उघडी पडलेली चिखलपट्टी भरतीला पाण्याखाली जाते. रोहित पक्ष्याचे पाय लांब असले तरी उधाणाच्या भरतीत खाडीत उभे राहणे त्याला शक्य नसते, तर लहान पाणपक्ष्यांना भांगाची भरतीही पुरेशी खोल असते. अशा वेळी थवे उठतात आणि पाणी ओसरेपर्यंत, काही तास, उथळ तळी, मिठागरे व बांधबंदिस्त खाजणे येथे थांबतात. या जागांना उपग्रही पाणथळ जागा असे म्हटले जाते. नेरूळमधील डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य व एनआरआय संकुलामागील पाणथळी, उरण तालुक्यातील पाणजे व भेंडखळ, तसेच पश्चिम तीरावरील भांडुप उदंचन केंद्राचा परिसर या त्यांपैकी प्रमुख होत.

यांतील बहुतेक जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर, वाशी पुलाच्या दक्षिणेस आहेत. त्यामुळे एकाच पक्ष्याला दिवसाचे काही तास अभयारण्याचे संरक्षण असते आणि उरलेले तास नसते. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ही ये-जा कधी पहाटे, कधी दुपारी, तर कधी रात्री होते.

नेरूळच्या पाणथळींवर गोल्फ मैदान व निवासी बांधकाम करण्याचा प्रस्ताव दीर्घ न्यायालयीन वादाचा विषय ठरला. डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट अडल्याने तो २०२४ च्या उन्हाळ्यात कोरडा पडू लागला आणि त्याच काळात परिसरात रोहित पक्षी मृत व जखमी अवस्थेत सापडले. राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली.

२० मे २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास घाटकोपर पूर्वेतील लक्ष्मीनगर परिसरावर रोहित पक्ष्यांचा थवा मुंबई विमानतळावर उतरू पाहणाऱ्या प्रवासी विमानाच्या मार्गात आला. विमान सुखरूप उतरले. मात्र ३९ पक्षी मृत्युमुखी पडले आणि त्यांचे अवशेष वस्तीतील रस्त्यांवर सापडले. घाटकोपरचे आकाश हा विमानतळाच्या धावपट्टीकडे येण्याचा नेहमीचा मार्ग आहे आणि खाडी तेथून जवळ आहे. आसऱ्याच्या जागा नाहीशा झाल्या किंवा तेथे त्रास होऊ लागला, तर पक्षी दुसरीकडे वळतात व अनोळखी मार्गांनी उडतात, हा मुद्दा या घटनेनंतर पर्यावरण कार्यकर्त्यांनी मांडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे खाडीच्या दक्षिणेकडील पाणथळ जागांचे व्यवस्थापन हा आता हवाई सुरक्षेचाही प्रश्न झाला आहे. पाणथळ बुजवली की पक्षी निघून जातील, हा त्यावरचा सोपा वाटणारा उपाय आहे. ते जातील कोठे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

सांडपाणी आणि अन्नसाखळी

पूर्व उपनगरांतील सांडपाणी भांडुप व घाटकोपर येथील केंद्रांत वायुमिश्रित तळ्यांमध्ये प्रक्रिया करून ठाणे खाडीत सोडले जाते. नाल्यांतून प्रक्रियेविना येणारे पाणी वेगळेच. या पाण्यात नत्र व स्फुरद विपुल असतात. उथळ, उन्हाने तापणाऱ्या चिखलावर ही पोषकद्रव्ये पडली की सूक्ष्म शैवालांची वाढ जोमाने होते आणि तेच छोट्या रोहिताचे अन्न आहे. १९९०च्या दशकापासून थवे वाढत जाण्यामागे खाडीतील पोषकद्रव्यांची वाढ हे एक प्रमुख कारण मानले जाते.

यावरून प्रदूषण पक्ष्यांना मानवते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पोषकद्रव्ये आणि विषारी द्रव्ये या भिन्न बाबी आहेत. पूर्व तीरावर १९६०च्या दशकापासून वाढत गेलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सांडपाण्याबरोबर जड धातू खाडीत आले व गाळात साठले. चिखल गाळून खाणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात तो गाळही जातो. शिवाय सेंद्रिय द्रव्य एका मर्यादेपलीकडे गेले की पाण्यातील प्राणवायू संपतो. मासे, शिंपले आणि संवेदनशील कृमी घटतात, तर प्रदूषण सोसणाऱ्या थोड्या जाती उरतात. ठाणे खाडीत नेमके हेच घडले आहे. शैवाल खाणाऱ्या एका पक्ष्याची संख्या वाढत असताना मासळी घटली. त्यामुळे केवळ रोहितांच्या मोजणीवरून खाडीचे आरोग्य ठरवता येत नाही.

मुंबई महानगरपालिकेच्या मलनिस्सारण प्रकल्पात सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रे उभारली जात असून त्यांची एकत्रित क्षमता प्रतिदिन २,४६४ दशलक्ष लिटर असेल. त्यांपैकी घाटकोपर (३३७ दशलक्ष लिटर) आणि भांडुप (२१५ दशलक्ष लिटर) ही दोन केंद्रे थेट ठाणे खाडीशी संबंधित आहेत. या प्रकल्पाचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू झाल्यावर खाडीतील पोषकद्रव्यांचे प्रमाण बदलेल. मासे व तळाचे जीव परतण्याची शक्यता त्यामुळे वाढते, तर छोट्या रोहितांची संख्या आजच्याएवढी राहीलच असे नाही. पाणी स्वच्छ झाल्यावर थवे विरळ झाले, तर ते संवर्धनाचे अपयश समजायचे काय, हा प्रश्न एका पक्ष्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभयारण्यापुढे आहे. परिसंस्थेच्या दृष्टीने पाहता त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. पर्यटनाच्या दृष्टीने ते तितके सोपे नाही.

घनकचरा आणि मिठागरे

खाडीकाठी देवनार, मुलुंड व कांजूरमार्ग या तीन कचराभूमी आहेत. देवनारचा वापर १९२७ पासून होत आहे. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद करण्यात आली. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी आणि भरतीबरोबर कांदळवनात शिरणारे प्लॅस्टिक या दोन्हींचा उपद्रव वनाला होतो. श्वसनमुळांभोवती पिशव्या गुंडाळल्या गेल्या की झाड गुदमरते. कांजूरमार्ग येथील ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वनातून वगळण्याचा २००९ मधील निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द ठरवला. त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली.

मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गची मिठागरे आता बहुतांशी पडीक आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साठते व नंतर काही महिने उथळ तळी राहतात. अतिवृष्टीच्या दिवशी डोंगराकडून येणारे पाणी भरती ओसरेपर्यंत थोपवून धरण्याचे कामही हीच सखल जमीन करते. २०२४ मध्ये यांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला आणि त्याला स्थानिक रहिवासी व पर्यावरण संघटनांनी विरोध दर्शवला.

मासेमारी

खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावठाणांत व कोळीवाड्यांत कोळी व आगरी समाजाची वस्ती आहे. शहर येथवर पोहोचण्यापूर्वी मासेमारी, भातशेती व मीठ पिकवणे ही त्यांची उपजीविकेची साधने होती. पागाने व डोलजाळ्याने मासे धरणे, ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या आणि शिंपले गोळा करणे या पद्धती आजही काही प्रमाणात टिकून आहेत. शिंपले व चिंबोऱ्या वेचण्याच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाल्यानंतर मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. उपजीविकेवर बंधने येतील, ही त्यांची भीती होती. ठाणे खाडीत प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. येथील मासेमारी अभयारण्य होण्यापूर्वीच प्रदूषण, गाळ आणि भराव यांनी खिळखिळी झाली होती. अभयारण्याच्या व्यवस्थापनाने नौकासफर, मार्गदर्शन व कांदळवन स्वच्छता यांतून स्थानिकांना उत्पन्न मिळवून देण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र हंगामी पर्यटन हे वर्षभराच्या मासळीची जागा भरून काढू शकत नाही, आणि खाडीतील बदल सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात येतात त्या मच्छीमारांचे ज्ञान व्यवस्थापनात कितपत घेतले जाते हाही प्रश्न उरतो.

संरक्षणाचा इतिहास

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशाने राज्यातील कांदळवनाची तोड व त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकाम यांवर बंदी घातली. शासकीय जमिनीवरील कांदळवन वन म्हणून अधिसूचित करून वनविभागाकडे सोपवण्याची प्रक्रिया त्यातून सुरू झाली. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तीन वर्षांनी अभयारण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी कांदळवन प्रतिष्ठानही अस्तित्वात आले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे म्हटले.

रामसर यादीतील नोंदीचा दिनांक १३ एप्रिल २०२२ असून तिची घोषणा त्या वर्षी ऑगस्टमध्ये झाली. नोंदलेले क्षेत्र ६,५२१.०८ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या जवळपास चौपट आहे, कारण त्यात पर्यावरणीय संवेदनक्षेत्रही धरले आहे. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ ठरले.

खाडी ओलांडणारे प्रकल्प

मुंबई आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये असल्यामुळे ही खाडी ओलांडण्याची गरज वारंवार निर्माण होते. वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला. त्यानंतर रेल्वेपूल, दुसरा वाशी पूल व ऐरोली पूल झाले. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा बोगद्यातून जातो आणि त्यातील सात किलोमीटर खाडीखालून आहेत. पाणथळीवर खांब उभे राहू नयेत म्हणून हा मार्ग भूमिगत ठेवला गेला. दक्षिणेकडील शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. तो अभयारण्याच्या बाहेर असला तरी रोहितांच्या मूळ शिवडी चिखलपट्टीवरून जातो. खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाब विद्युतवाहिन्यांपासून रात्री उडणाऱ्या थव्यांना टकरीचा धोका संभवतो.

भेट

ऐरोली येथे वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथे खाडीतील जीवसृष्टीची माहिती देणारे दालन आहे. हंगामात केंद्राच्या धक्क्यावरून नौकासफर निघतात. भांडुप उदंचन केंद्राच्या बाजूनेही खाडी पाहता येते. जानेवारी ते एप्रिल हा काळ पक्षीनिरीक्षणास अनुकूल असला तरी तारखेपेक्षा भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. पूर्ण ओहोटीला नौका चिखलात रुततात आणि पूर्ण भरतीला पक्षी आसऱ्याच्या जागी गेलेले असतात. त्यामुळे नौकांच्या वेळा भरतीनुसार रोज बदलतात.